सड्यावर पसरलेले कापड

कोकणातल्या नाटे गावाच्या वर, जांभ्या दगडाचा जो उघडा, पठारासारखा सडा आहे, तेथे आमचे चाळीस दिवसांचे कलाशिबिर भरले होते. रोज संध्याकाळी संचालक अभय सर आम्हा पाच जणांना गोलाकार बसवीत आणि विचारीत, "आज सड्यानं तुम्हाला काय सांगितलं?" सड्याने मला कधीच काही सांगितले नव्हते. तसे म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते; म्हणून "शांत राहायला सांगितलं," असे मी पुटपुटत असे आणि सर डोळे मिटून मान डोलवीत. मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच अधिक संताप येई.

एवढ्या दिवसांत मी एकच काम केले होते. मांजरपाटाचे बारा हात लांब कापड रोज सड्याच्या नव्या भागावर अंथरायचे आणि काजूच्या डिंकात कालवलेली तांबडी माती बोळ्याने त्यावर घासायची. खालच्या दगडाच्या भेगा, खळगे, छिद्रे हळूहळू कापडावर उमटत. अखेरीस ते एखाद्या वृद्ध प्राण्याच्या कातडीसारखे दिसू लागले होते. माझ्या हातून प्रथमच काही खरे घडले आहे, असे मला वाटत होते.

रविवारी मुंबईहून पाहुणे प्रदर्शन पाहायला येणार होते. शुक्रवारी सकाळी, उरलासुरला ओलावा जावा म्हणून मी कापड सड्याच्या उंच टोकाला नेले आणि उन्हाने रंग विटू नये म्हणून रंगाची बाजू खाली करून पालथे पसरले, कडांवर दगड ठेवले. जागा विलक्षण स्वच्छ होती. काडी नाही, पान नाही. वाऱ्याने माझ्यासाठीच झाडून ठेवावी तशी.

दुपारी परतलो तर कापडावर रातांब्याची, म्हणजे कोकमाची, ओली सोले ओळीने मांडलेली. शेजारी खालच्या वाडीतल्या सोनूबाई पातेल्यात हात बुडवून बसल्या होत्या.

"काय रे बाबा, एवढ्या उन्हाचा फिरतोस? टकुरं तापंल ना!"

"मावशी, हे कापड..."

"लय बरं केलात हो! दर वर्षी मी इथंच सोलं घालते. परवा कंबर मोडेस्तोवर झाडून गेले. आज येऊन बघते तर कापड पसरलेलं, वर दगडसुद्धा ठेवलेले! तुमचे सर बोललेच होते ना गावच्या सभेत, इथं जे काय होईल ते गावाचंच म्हणून. आमच्या झिलग्यांना, पोरांना नाय सुचत हो असं. ते मुंबईत बसून नुसती आमसुलं मागतात."

वाऱ्याने झाडलेली जागा! माझे कान तापले.

"कधी निघतील ही?"

"अजून चार पुटं. रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची. मंगळवारी निघतील. मधीच ओली उचलली तर बुरा धरतो, मग गुरंपण तोंड लावायची नाय."

मी मान हलवली आणि खाली आलो. हा माझा स्वभाव. त्याचा मला वीट आला आहे.

अभय सरांनी सारे ऐकून घेतले. "मी सांगतो बाईंना. दोन मिनिटांत उचलतील."

खरोखरच उचलल्या असत्या. "चुकलं हो माझं," असे दहादा म्हणत ओली सोले टोपलीत भरून त्या उतार उतरून गेल्या असत्या.

"नका सांगू, सर."

"मग पाहुण्यांनाच वर नेऊ! कलावंत आणि गाव यांचं संयुक्त काम. फलकावर सोनूबाईंचंही नाव घालू."

"आणि निघताना प्रत्येकाला वाटीभर सोलकढी," शिल्पकार मृणाली म्हणाली. "आस्वाद घेतला नाही असं कुणी म्हणायला नको."

"नाही!" माझा आवाज मलाच परका वाटला. "ती सोलं आहेत, सर. नुसती सोलं. तिथं कुणालाही न्यायचं नाही."

"मग तुझ्या भिंतीवर काय लावायचं?"

"काही नाही."

रविवारी माझ्या भिंतीवर केवळ माझ्या नावाची चिठ्ठी होती. एक बाई त्या रिकाम्या भिंतीपुढे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि "धाडसी आहे," असे म्हणाल्या. सरांनी डोळे मिटून मान डोलवली. मी मुठी आवळून बाहेर पडलो. एकच विचार मनाला धरून होता: रस झिरपून डाग पडले असतील तर पडोत, दगडाचा ठसा तरी शाबूत असेल.

मंगळवारी, दोनच्या एसटीसाठी बॅग भरत असताना सोनूबाई दारात आल्या. हातात घडी घातलेले कापड होते, दमट, साबणाच्या वासाचे.

"घे बाबा तुझं कापड. रातांब्याचे डाग काय जात नाय, त्याला इलाज नाय. पण पाठच्या अंगाला कोणी मेल्यानं केवढी माती फासलीन् होती! डिंकासारखी चिकट. दोनदा सोड्यात उकळलं, धोंडीवर आपटून आपटून हात भरून आले, तेव्हा कुठं सुटली."

मी घडी उलगडली. झिरपलेले डाग सोडले तर मागची बाजू पांढरी होती. भेग नाही, खळगा नाही.

सांगावेसे वाटले. त्यांचे हात पाहिले. बोटांची टोके रातांब्याने काळीजांभळी आणि सोड्याने भेगाळलेली होती.

"छान निघालं आहे, मावशी."

"मग! पुढच्या वर्षी येशील तेव्हा असंच एक आण. पण अंमळ मोठं आण रे, काठावरची सोलं खाली पडतात."

"आणतो," मी म्हणालो.