तिसऱ्या आग्रहाचं हेलिकॉप्टर

माझा मेव्हणा सेल्मर ट्वेट यानं बटाट्यांच्या गोदामात हेलिकॉप्टर बांधायला घेतलं, तेव्हा गावात त्याला कुणीही वेडा म्हटलं नाही. आमच्याकडे तसं म्हणत नाहीत. लोक गोदामात यायचे, टोपी काढायचे, त्या सांगाड्याभोवती एक चक्कर मारायचे आणि म्हणायचे, "हे वेगळंच आहे."

मिनेसोटाच्या आमच्या या कोपऱ्यात सगळ्यांचे आजोबा नॉर्वेहून आलेले. इथे याहून कडक शब्द नाही. त्याआधी तो वापरला गेला होता, तो पाद्रीबाबांनी चर्चचं दार गुलाबी रंगवलं तेव्हा. उलट एखादी गोष्ट जिवापाड आवडली, तर म्हणायचं, "फारसं वाईट नाही." आमच्या वडिलांनी आईच्या बाबतीत हे एकदाच म्हटलं होतं. ती जन्मभर त्यावर खूश होती.

तर हेलिकॉप्टर. हलकं, दोन माणसांचं. इंजिन मोटरबोटीचं, पट्टा बीट उपटायच्या यंत्रातला, आसनं मोडीत निघालेल्या शाळेच्या बसमधली. दुसरं आसन कुणासाठी, हे सेल्मरनं कधी सांगितलं नाही. पण माझ्या बहिणीच्या, आर्डिसच्या, दुखऱ्या कमरेला आधार होईल अशी उशी त्यानं त्या आसनाला शिवली, तेव्हा समजायचं ते आम्ही समजलो.

पहिला हिवाळाभर ते यंत्र नुसतं हुडहुडायचं. माथ्यावरची दोन पाती एकाच पातळीत फिरत नसली, की तसं होतं. ते तपासायचं काम माझं. एका पात्याच्या टोकाला लाल खडू, दुसऱ्याच्या टोकाला निळा. मी लांब काठीला ताणलेलं फडकं घेऊन उभा राहायचो आणि फिरत्या पात्यांच्या कडेला ते हळूच टेकवायचो. फडक्यावर दोन रेघा उमटायच्या. रेघा लांब लांब, तर पाती भांडतायत. जवळ, तर नांदतायत.

फडकी अर्थातच आर्डिसची, भांडी पुसायची.

"इंगवाल्ड, तू त्या पात्यांपासून लांब उभा राहतोस ना?" ती मला विचारायची.

"राहतो गं."

"बघ हं. तुझं काही झालं तर तुझा तो कुत्रा मी सांभाळणार नाही. आणि फडकी परत आणत जा. खाता की काय तुम्ही दोघं?"

अखेर एके दिवशी लाल रेघ निळीवर बसली आणि एकच जांभळी झाली. सेल्मर ते फडकं हातात धरून बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "हं." एवढा आनंद झाल्यावर पुढे काम होणं शक्यच नव्हतं. आम्ही मासे धरायला गेलो.

त्यानंतर यंत्र दोरांनी जमिनीला बांधून कमरेएवढं उचलून बघणं झालं. दोर सोडून उडायचं, तर मात्र विमान खात्याच्या तपासनिसाची परवानगी हवी. आणि घाई होती. सेल्मरचे डोळे अधू होत चालले होते. वैमानिकाचा परवाना हा उन्हाळा निभावेल, पुढचा नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं.

तपासनीस डेलुका मूळचा न्यू जर्सीचा. माणूस चांगला. आर्डिसनं विचारलं, "कॉफी घेणार?" तर तो म्हणाला, "हो!"

पहिल्याच वेळी! आर्डिसनं किटली अजून चुलीवर ठेवलीही नव्हती. आमच्याकडे आधी "नको" म्हणतात, दुसऱ्यांदा "उगाच कशाला त्रास" म्हणतात, आणि तिसऱ्यांदा विचारलं, की "बरं, अर्धा कप." वर त्यानं ताटलीतली शेवटची वडी उचलली. आमच्या चर्चच्या जेवणात शेवटची वडी अर्धी, पाव अशी कापली जात जात दिसेनाशी होते, पण उचलत तिला कुणीच नाही.

सकाळभर त्यानं यंत्राचा बोल्ट न् बोल्ट हलवून पाहिला. "काम उत्तम आहे," तो म्हणाला. शिवी ऐकल्यासारखी सेल्मरनं मान खाली घातली.

"तुम्हाला काय वाटतं, मिस्टर ट्वेट? उडेल नीट?"

"आत्ताच काय सांगणार."

"पण भरवसा आहे ना तुमचा?"

"याहून वाईट यंत्रं असतील जगात."

"तुम्ही स्वतः बसाल ना यात?"

"दुसरं कुणी तयार नसेल, तर बसेन."

डेलुकाचा चेहरा उतरला. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी तोंडभरून शिफारस करायचं ठरवलं. म्हणालो, "साहेब, मी सगळा हिवाळा फडकं धरून याच्या शेजारी उभा होतो. आणि अजून शाबूत आहे."

तेवढ्यानं डेलुकाचं समाधान झालेलं दिसलं नाही. "यंत्रात खोट नाही हो," तो म्हणाला. "पण बांधणाऱ्यालाच विश्वास नसेल, तर मी दोर कसे सोडू देऊ? पुढच्या वर्षी बघू."

"चालेल," सेल्मर म्हणाला, आणि विकायला काढलेल्या गायीला थोपटावं तसं त्यानं यंत्राला थोपटलं.

डेलुकालाही ते बघवेना. तो आर्डिसकडे वळला. "बाई, तुम्ही बसाल यात?"

"छे, मी कशाला."

"खरंच विचारतोय. बसाल?"

"माझं वजन कशाला उगाच त्याला."

डेलुकानं सुस्कारा सोडला. "बघा. बायकोसुद्धा..."

पाहुण्याचं बोलणं मी जन्मात कधी तोडलं नव्हतं. पण ओरडलो, "साहेब, आणखी एकदा विचारा!"

"अहो, दोनदा नाही म्हणाल्या त्या!"

"तेच तर! दोनदाच झालंय!"

त्यानं माझ्याकडे काळजीनं बघितलं, पण विचारलं. "बाई, बसता का?"

"बरं, एवढा आग्रह करताय तर," आर्डिस म्हणाली. तिचा एप्रन केव्हाच उतरला होता. पर्स सकाळपासून कोपराला अडकवलेली होती, हे मला आत्ता दिसलं. ती सरळ जाऊन त्या उशीला टेकून बसली. "सेल्मर, हा पट्टा कुठे अडकवायचा?"

डेलुका तिच्याकडे बघत राहिला, मग सेल्मरकडे. मग हळूच मला म्हणाला, "म्हणजे सकाळची ती कॉफी..."

"हो."

"आणि ती शेवटची वडी?"

"जाऊ द्या साहेब. आम्ही विसरलो."

आम्ही अजून विसरलेलो नाही.

"उतरा बाई," डेलुका म्हणाला. "चाचण्या संपेपर्यंत दुसऱ्या माणसाला बसता येत नाही."

"मग विचारलंत कशाला?" म्हणत ती उतरली. तोवर डेलुका स्वतः वाकून पहिला दोर सोडत होता.

सेल्मर यंत्रात बसला, झाडांच्या शेंड्यांएवढा वर गेला, बटाट्याच्या शेतावरून सावकाश फेरी मारून निघाला होता तिथेच येऊन टेकला. यंत्र हुडहुडलं नाही. डेलुकानं टाळ्या पिटल्या. "अप्रतिम! कमाल केलीत!" आम्ही आपापले बूट बघत उभे राहिलो.

सेल्मर आर्डिससमोर येऊन थांबला. तिनं त्याच्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली.

"फारसं वाईट नव्हतं," ती म्हणाली.

हत्यारं आवरायची म्हणून सेल्मर गोदामात गेला. बराच वेळ आत होता. हत्यारांचा आवाज काही आला नाही.

चाचण्या संपल्या तेव्हा बीट काढणी सुरू झाली होती. मी स्वयंपाकघरात तिसऱ्या आग्रहाची कॉफी पीत बसलो होतो. सेल्मर दाराशी आला. टोपी हातात.

"आर्डिस, येतेस?"

"येते," ती म्हणाली.

पहिल्याच वेळी.

रविवारी चर्चमध्ये मी हे सांगितलं. मग मागून कुणीतरी म्हणालं, "हे वेगळंच आहे."