अदनच्या बाईचा डबा

आमच्या सिदराचे अब्बा, म्हणजे माझे हे, माझ्या भाकरीला नावं ठेवतील असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याचं तोंड शिवलं असतं. पण ठेवली! चौऱ्याण्णव साली, ओमानमधल्या सलालात, माझ्याच घरात जेवता जेवता.

शेजारी येमेनमध्ये आपसातच लढाई पेटली होती. अदनची माणसं घरंदारं टाकून पळाली आणि आपल्याच मुलखात बेघर झाली. ह्यांच्या अर्बाबनं, म्हणजे अरबी मालकानं, एक ट्रक मदतवाल्यांना दिला, चालवायला ह्यांना. पीठ, साखर, तेल भरायचं आणि सीमेपलीकडे ह्या बेघरांना ठेवलेल्या एका शाळेत उतरवून यायचं. मला कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू.

मग ह्यांच्या तोंडी ती अदनची बाई सुरू झाली. "साबेरा, मदतीच्या पिठाची काय रोटी करते ती! पत्र्यावर भाजते, वर काळं जिरं. माल उतरेपर्यंत आम्हा ड्रायव्हरांना गरम गरम वाढते. तू पण जिरं घालून बघ ना."

जिरं घालून बघ! माझ्या तांदळाच्या भाकऱ्या खाऊन ह्यांच्या अंगावर मांस चढलं, आणि आता जिरं हवं? माझं डोकंच फिरलं. विचारलं, "दिसायला कशी आहे?"

"चांगली आहे," हे म्हणाले.

झालं! त्या 'चांगली'नं माझी झोप उडवली. नवरा दर खेपेला दुसरीच्या हातचं खातो आणि हसत घरी येतो. अशीच घरं फुटतात, मी आमच्या गावात पाहिली आहेत.

पुढच्या खेपेला मीच डबा भरून दिला. मऊसूत भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची चटणी. "तिला द्या. म्हणावं, भाकरी अशी असते." मनात वेगळंच होतं. आमच्यात आलेलं भांडं कुणी रिकामं परत करत नाही, चिमूटभर तरी काही घालतात. तिच्याजवळ काय असणार? डबा रिकामा आला की ह्यांना ऐकवणार होते, बघा, तुमच्या चांगलीला साधी रीतसुद्धा नाही.

डबा जड आला. उघडला तर काठोकाठ साखर.

"एका घराला आठवडाभराची एवढीच मिळते," हे म्हणाले. "दोन पोरं आहेत तिला. मी नको नको म्हटलं, तर रागावली माझ्यावर."

मेलीनं हरवलं की मला! रडू आलं, कशाचं ते कळेना. डोळे पुसून विचारलं, "नाव काय तिचं?"

"कुणास ठाऊक. विचारलंच नाही कधी."

"एवढ्या रोट्या खाल्ल्या आणि नाव नाही विचारलं?"

"अगं, रोटी खायला नाव कशाला लागतं?"

आता मात्र माझा पारा चढला. ती पोरांच्या तोंडची साखर देते आणि ह्यांच्या लेखी ती नुसती रोट्या भाजणारी! मी तिथल्या तिथे तिच्या पुढच्या डब्यासाठी पीठ उकडायला घेतलं.

"ह्या खेपेला आधी तिचं नाव विचारायचं, पोरांचीही विचारायची," मी म्हटलं. "न विचारता तिच्या रोटीला हात लावलात, तर ह्या घरात जेवायला बसू नका."