आधी हजेरी

ठाण्यातल्या हॉस्पिटलातून दर्शनाला मेसेज आला. बिलिंग काउंटरची नोकरी पक्की. सोमवारी सकाळी या, आधी हजेरी, मग जॉइनिंगचे कागद.

तिने तो आईला, जाईबाईंना, वाचून दाखवला आणि तिथंच घोळ झाला. विठ्ठलवाडीतल्या त्यांच्या खोलीत हजेरी या शब्दाला एकच अर्थ होता. पोलिसांच्या ऑफिसात जायचं, परदेशी लोकांच्या बाकावर बसायचं आणि आम्ही पळालो नाही म्हणून सही करायची. कराचीहून इकडं आल्यापासून बारा वर्षं हेच. पणजा राजापूरहून कराचीच्या गोदीत हमालीला गेला, मागाहून कुणीतरी नकाशावर रेघ मारली, आणि तिन्हीसांजेला शुभंकरोती म्हणणारी ही माणसं पाकिस्तानी ठरली. तिकडं हिंदू म्हणून नको, इकडं पाकिस्तानी म्हणून नको. बाप, सीताराम, वाट बघत बघत परदेशी म्हणूनच मेला. मायलेकींना नागरिकत्वाचा दाखला मिळाला तो त्याच्यामागून.

"आये, कामावरची हजेरी असेल गं. मशीनवर बोट लावायची."

"असेल कशाला? आधी हजेरी म्हणतोय ना तो? मग दे बाई. राहिली तर परत पाठवतील."

"आता कोण पाठवतंय? इंडियन झालो आपण."

"तुझा बापही म्हणायचा, आता होऊ, आता होऊ."

सोमवारी दर्शना आधी पोलिसांकडे गेली. ओळखीचे हवालदार महिपतराव हसायलाच लागले. "अगं येडे, तुझी फाइल बंद झाली. आता हजेरी सासरी लाव. पळ!"

हॉस्पिटलात पोचायला उशीर झालाच. एचआरचा सुशांत डोंबिवलीचा, तिच्याच वयाचा. म्हणाला, "पहिल्याच दिवशी लेट?"

"सॉरी सर. पोलिसांत हजेरी द्यायला गेलेले."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"पोलिसांत? केस आहे काय तुमच्यावर?"

आता सांगणं भागच होतं. तिने सगळं सांगितलं, दाखला पुढे ठेवला. सुशांतने तो उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला.

"मॅडम, इथं एवढी माणसं जॉइन केली मी. असला दाखला एकाने नाही आणला."

"त्यांच्याकडे नसेल."

"नसणारच. त्यांना कशाला लागतोय? ते इथलेच."

"तुमच्याकडे आहे, सर?"

"मॅडम, शहाणपणा नको."

घ्या! अख्ख्या बिल्डिंगीत भारतीय असल्याचा सरकारी दाखला एकटीकडे, आणि संशय कुणावर, तर तिच्यावरच.

सुशांत वाईट नव्हता. घाबरट होता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्याने शाळेचा दाखला मागितला, त्यावर राष्ट्रीयत्व लिहिलेलं असतं म्हणून. तिने दिला. तो कराचीच्या शाळेचा, उर्दूत होता. सुशांतने तो दोन बोटांनी धरून परत सरकवला. "असं करा, तुम्ही इंडियन आहात असं पोलिसांचं पत्र आणा. मग वर बोलतो."

या वेळी महिपतराव हसले नाहीत. "पोरी, आमच्याकडे परदेशी माणसांचीच कागदं. तू परदेशी आहेस असं पत्र मी कधीही दिलं असतं. नाहीस, हे कुठल्या फायलीतून देऊ?"

पुढच्या आठवड्यात ती विचारायला गेली, तर काउंटरवर दुसरी मुलगी पावत्या फाडत होती.

मग दिवा स्टेशनजवळचा एक दवाखाना. रिसेप्शनला मुलगी हवी होती. डॉक्टरबाईंनी आपल्याकडे सगळे विचारतात तेच विचारलं, "गाव कुठलं गं?"

"राजापूर."

हे खोटं नव्हतं.

"जन्म पण तिकडचाच?"

"हो."

हे मात्र होतं.

"बरं, उद्यापासून ये."

कागद नाही, पत्र नाही. दाखला पिशवीत तसाच पडून राहिला. खऱ्याने घालवलेली नोकरी खोट्याने एका शब्दात दिली.

घरी आल्यावर तिने आईला समोर बसवलं.

"आये, नीट ऐक. माझा जन्म राजापूरचा. कुणीही विचारलं तरी."

जाईबाई बघत राहिल्या. "आणि मी कळा सोसल्या त्या कुठं?"

"राजापुरात. सरकारी दवाखान्यात."

"तुझा बाप?"

"तोपण तिथलाच."

"मेल्यावर झाला म्हणायचा बिचारा इथला." जाईबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग हळूच म्हणाल्या, "राजापुरात नदी आहे का गं?"

"असेल."

"असेल नको, दर्शू. विचारून ठेव कुणाला तरी. एखादी तिथली भेटली आणि मला सांगता नाही आलं तर?"