घाण लिहिलेला खोका

मित्रांनो, मी एक जुना पृथ्वीगोल आहे आणि मी घानाला सुखरूप पोचलो. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. आपण असं धरून चालू की मी अजून नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावात एका खोक्यात पडलो आहे, पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही, आणि तुम्हाला माझी काळजी वाटते आहे. वाटते आहे ना? बरं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. दोन वाट्या तोंडाला तोंड लावून चिकटवल्या, की झाली पृथ्वी. पोटात एक दिवा बसवला आणि मला स्टँडवर जरा कलतं ठेवलं. तेव्हापासून मला स्वस्थता म्हणून नाही. तुम्हीही जन्मभर एका अंगावर कलून उभे असता, तर तुम्हालाही सतत वाटलं असतं, की आपण कुठेतरी निघालो आहोत आणि कुणीतरी थांबवून धरलं आहे.

नोकरीची वर्षं झूटरमेरच्या एका शाळेत गेली. मुलं मला गरगर फिरवायची, डोळे मिटून बोट टेकवायची आणि म्हणायची, मी मोठेपणी इथे राहणार. बोट बहुतेक वेळा समुद्रात पडायचं. माझ्या अंगावर समुद्रच जास्त, त्याला मी काय करणार? बाई माझं कौतुक करायच्या. पुढे वर्गात एक मोठा पडदा आला, त्यावर पृथ्वी आपली आपण फिरू लागली, आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात, चीज वितळवायच्या एका भांड्याशेजारी जाऊन बसलो.

तिथून मला यशोधनने उचललं. हा मूळचा पुण्याचा, इथे संगणकाच्या कामावर आलेला. त्या वर्षी त्याच्या आईने पाठवलेला आकाशकंदील टपालात कुठेतरी अडकला होता आणि दिवाळी काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती. यशोधनने मला बाल्कनीत टांगलं आणि अंटार्क्टिकाला झिरमिळ्या चिकटवल्या. पोटातला दिवा लागला. खालून जाणारे सायकलवाले माना वर करून बघायचे. भारतात पृथ्वीला शेपट्या असतात, अशी त्या गल्लीत अजूनही समजूत आहे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा मान. भाऊबीज झाली आणि माझी रवानगी खाली बर्गिंगमध्ये झाली. बर्गिंग म्हणजे सायकली आणि 'बघू नंतर' म्हटलेल्या वस्तू ठेवायची खोली. ते 'नंतर' बरीच वर्षं आलं नाही.

आलं ते यशोधनच्या बायकोमुळे. इरावती शनिवारी एका छोट्या संस्थेचं काम करायची. घानाच्या उत्तरेला, बोल्गाटांगाजवळच्या गावांमधल्या शाळांना ही संस्था मदत करते. तिथल्या एका शाळेचं छप्पर वादळात उडालं, तेव्हा संस्थेने पत्रे घालून दिले. नवं पीक हाती येईपर्यंतच्या ओढगस्तीच्या दिवसांत मुलांच्या दुपारच्या जेवणाचं पाहिलं. आता वह्या, पुस्तकं आणि सौरदिव्यांचा कंटेनर निघणार होता. त्या शाळेच्या अतांगा सरांनी एकच वस्तू मागितली होती, पृथ्वीचा गोल. ते वाळक्या भोपळ्यावर खडूने खंड काढून भूगोल शिकवायचे, आणि पोरांचे हात लागून आफ्रिका रोज पुसली जायची.

"आपल्याकडे आहे की," इरावती म्हणाली.

झालं. त्या दिवसापासून मला एकेक तास वर्षासारखा वाटू लागला.

संस्थेच्या प्रमुख आबेना आंटी. मूळच्या घानाच्या, राहायला आल्मेरेला. त्या मला बघायला घरी आल्या. आपल्याकडे बघायला येतात तसंच सगळं झालं. पोहे झाले, चहा झाला, मला टेबलावर आणून बसवलं. आबेना आंटींनी मला एक गिरकी दिली, आणि मी किंचाळलो.

"हा ओरडतो," आबेना आंटी म्हणाल्या.

"जुना आहे ना," यशोधन म्हणाला.

"मीही जुनी आहे. मी ओरडते का?" त्यांनी आणखी पोहे घेतले. "लोक काय काय पाठवतात, सांगू? मागच्या खेपेला बर्फावर घसरायचे बूट होते. आमच्याकडे बर्फ फक्त पेल्यात असतो. तुमच्या मुलीच्या टेबलावर ठेवाल असा असेल, तरच द्या."

इरावतीने माझ्या आसाला खोबरेल तेल घातलं आणि अंटार्क्टिकावरचा डिंक खरवडून काढला. मग मला खरंच तिच्या मुलीच्या टेबलावर ठेवलं. ऋता रोज झोपण्याआधी मला फिरवायची. मी आवाज केला नाही. मी पास झालो.

या ऋताला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र डचमधून यायचं. म्हणून इरावती म्हणाली, "खोक्यावर नाव तू घाल. आणि मराठीत घाल, तेवढाच सराव."

ऋताच्या मराठीला दोन नियम होते, दोन्ही आईचेच. एक, इंग्रजीत शेवटी ए दिसला म्हणून काना द्यायचा नाही. योगा नाही, योग. शिवा नाही, शिव. दोन, पानी नाही, पाणी. लोनी नाही, लोणी. ऋताने देशाचं इंग्रजी स्पेलिंग पाहिलं, दोन्ही नियम काटेकोरपणे लावले आणि माझ्या खोक्यावर ठळक, सुबक अक्षरांत लिहिलं: घाण.

नियमांत तिचं काहीच चुकलं नव्हतं. हा शब्द तिने कानांनी हजारदा ऐकला होता, डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. घरात घाण बोलली जाते, लिहिली जात नाही.

निघायच्या शनिवारी इरावती आणि ऋता संस्थेतल्या शशिकांतकाकांच्या व्हॅनमधून वह्यांचे खोके घेऊन आल्मेरेला पुढे गेल्या. जाताना इरावती म्हणाली, "यशो, बर्गिंगमधली अडगळ टाकून ये, आणि तिथलाच घानाचा खोका पुढच्या सीटवर ठेवून आण. व्हॅनमध्ये दबेल तो."

यशोधन खाली आला. घानाचा खोका काही दिसेना. नेला असेल त्यांनीच, तो स्वतःशी म्हणाला. मग त्याची नजर माझ्यावर पडली. "पोरीचं अक्षर सुधारलंय," असं म्हणून त्याने मला अडगळीवर ठेवलं आणि गावाच्या कचरा केंद्राकडे गाडी काढली.

मी आतून ओरडायचं ठरवलं. पण खोबरेल तेल फार चांगलं होतं.

केंद्रावरच्या माणसाने विचारलं, "यात काय आहे?"

"कचरा," यशोधन म्हणाला.

"इथे सगळे कचराच आणतात. कुठला? कागद? प्लास्टिक? वायर आहे का?"

मित्रांनो, मी कागदही आहे, प्लास्टिकही आहे आणि मला वायरही आहे. पण मला कोण विचारतो. यशोधनला सांगता येईना. "मग 'उरलेलं' मध्ये टाका," तो माणूस म्हणाला. उरलेलं म्हणजे एक भलामोठा लोखंडी हौद, आणि त्यात सगळं दाबून सपाट करणारं यंत्र. पृथ्वी सपाट आहे असं मानणारे लोक असतात, हे ऐकून होतो. हे यंत्र त्यांचंच असावं. यशोधनने मला कठड्यावर उचललं, आणि त्याचा फोन वाजला.

"यशो, घानाचा खोका घेतलास ना?"

"घाणीचा? हो, हातातच आहे. टाकतोय."

"टाकतोय म्हणजे?"

"टाकतोय म्हणजे टाकतोय. कचऱ्यात."

"अरे घानाचा. घा, ना."

"तेच ना. लिहिलंय वर. घा, ण."

मग इरावती अगदी हळू आवाजात म्हणाली, "यशोधन, त्यात पृथ्वी आहे. खाली ठेव."

पुढच्या सीटवर मला पट्टा बांधला. कंटेनर आल्मेरेहून दुपारीच निघणार होता. यशोधन सिग्नलशी बोलत होता, समोरच्या ट्रकशी बोलत होता. वाटेत एक पूल उघडला, कारण खालून एक शिडाची होडी चालली होती. होडीत एक आजोबा सावकाश पाव खात होते. त्यांनी आम्हाला हात केला. यशोधननेही केला, पण तो वेगळ्या अर्थाने.

आल्मेरेला पोचलो तेव्हा कंटेनरचं एक दार लागलेलं होतं आणि दुसऱ्या दाराला आबेना आंटी पाठ लावून उभ्या होत्या. ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता, त्या त्याच्याकडे बघतच नव्हत्या.

खोका हातात घेऊन त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

ऋता लाल झाली. तिला एव्हाना कळलं होतं. "घाना लिहायचं होतं," ती पुटपुटली. "झालं कचरा."

आबेना आंटींनी त्या अक्षरांवर टिचकी मारली. "इतकी वर्षं मी खोके उघडते," त्या म्हणाल्या. "सगळ्यांवर लिहिलेलं असतं 'प्रेमाने', आणि आत निघतो कचरा. बाहेर कचरा आणि आत चांगली वस्तू, असा हा पहिलाच."

ऋताने पेन घेतलं आणि घाईघाईने एक काना जोडला. झालं 'घाणा'.

"अगं, तो तेलाचा," यशोधन म्हणाला.

"असू दे," इरावती म्हणाली. "तेल घातलंच आहे."

आणि दार लागलं. बोटीवरच्या अंधारात मी सारखा कलत होतो, या वेळी मात्र खरोखरच कुठेतरी निघालो होतो.

आता मी अतांगा सरांच्या वर्गात आहे. पहिली ओळ आता वाचली तरी चालेल. माझ्याशेजारी तो भोपळाही आहे. सरांनी त्याला चंद्र केला आहे, त्यामुळे आमचं बरं चाललं आहे. मित्रांनो, जुनं देऊ नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतःच जुना आहे. पण देण्याआधी एकदा फिरवून बघा, ओरडलं तर तेल घाला, आणि काही दिवस स्वतःच्या घरात टेबलावर ठेवून पाहा.

परवा अपोका नावाच्या मुलीने सरांना विचारलं, हा गोल पाठवणारी मुलगी कुठे राहते. सरांनी दाखवलं. अपोकाने अंगठा आपल्या गावावर ठेवला आणि करंगळी ताणून नेदरलँड्सला टेकवली. "एवढंच तर आहे," ती म्हणाली. "मग ती येत का नाही?" मला तेव्हापासून पुन्हा स्वस्थता नाही. म्हणून पुढील अर्ज.

प्रति, माननीय सक्षम अधिकारी, पृथ्वी (मूळ प्रत).
विषय: दोन गावांमधील अंतर कमी करून मिळणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, माझ्या अंगावर झूटरमेर ते अपोकाचे गाव हे अंतर एक वीत आहे. तरी मूळ प्रतीतही ते तेवढेच करण्यात यावे, ही नम्र विनंती. वीत अपोकाच्या हाताची धरावी. मोठ्यांच्या हाताची धरल्यास अंतर पुन्हा वाढेल.