घासभर ऊन

१९६४ साली ताईची नोकरी कायम व्हायची होती. शिक्षणाधिकारी तिचा एक तास बघणार आणि त्यावरच ठरणार. मी तिच्याच वर्गात, नववीत. घरी ताई, शाळेत बाई.

झाड उन्हात अन्न कसं बनवतं, हा धडा होता. त्यासाठी कुंडीतलं रोप दोन दिवस अंधारात ठेवायचं. पानांतलं साठवलेलं पिष्ट ते श्वसनात संपवून टाकतं. मग एका पानावर काळी पट्टी लावून रोप उन्हात ठेवायचं. शेवटी पान स्पिरिटात उकळून आयोडीन टाकलं की उघडा भाग काळानिळा होतो, पट्टीखालचा नाही.

कुंडी कपाटात गेली. बाबा शिंपी, घरातच शिवत. मशीन थांबवून म्हणाले, "त्या मुक्या जिवानं तुझं काय घोडं मारलंय?"

"उपाशी ठेवल्याशिवाय ते बोलायचं नाही, बाबा."

"मास्तरीण झालीस की फौजदार?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी घरी आले, तर कुंडी खिडकीत. बाबा ओशाळले. "ताईला सांगू नकोस. कालही घासभरच ऊन दिलं." मी मान डोलावली.

तासाला पान सगळंच काळंनिळं झालं.

"प्रयोग फसला की," साहेब म्हणाले आणि वहीत काही लिहू लागले.

ताईनं पान उजेडात धरलं. "पट्टीखालीही पिष्ट आहे. म्हणजे ते आधीचं उरलेलं. साहेब, हे रोप उपाशी राहिलेलंच नाही. याला कुणीतरी चोरून जेवू घातलंय." तिनं माझ्याकडे पाहिलं.

मी उभी राहिले. "बाई, आमच्या बाबांनी. दोन्ही दुपारी."

वर्ग खिदळला. साहेबांनी लिहिलेलं खोडलं. "पान वाचता येतं तुम्हाला," ते म्हणाले. "पुढच्या वेळी कपाटाला कुलूप लावा."

ताई कायम झाली आणि मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. साहेबांची लगेच बदली झाली, पुन्हा कधी दिसले नाहीत. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढली. बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. ताई प्रत्येक नव्या वर्गाला त्यांची गोष्ट सांगायची, आणि रस्त्यात अनोळखी मुली त्यांना हसून नमस्कार करायच्या. का, ते त्यांना आम्ही कधीच सांगितलं नाही.