उसाच्या मापाचा हात

मंजुळाचा डावा हात माघात कोयत्याखाली आला. कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्याचा फड होता. डाव्या मुठीत ऊस धरलेला, उजव्या हातानं घाव घातला आणि घाव निसटला. तिथल्याच दवाखान्यात टाके पडले, कातडं जुळलं, पण आतली शीर तुटली होती ती कुणी जोडली नाही. तेव्हापासून मधली दोन बोटं काठीसारखी ताठ राहिली.

आपल्या गावी, उमापूरला परतल्यावर हात कुणाला दाखवायचा, यावर गावानं तोंड उघडलं. पाऊस नव्हता, पेरणी नव्हती, आणि रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. सोसायटीच्या चारा छावणीत जनावरं बांधून बसलेल्या बाप्यांना हा विषय चांगला पुरला. कुणी हाडवैद्य सांगितला. कुणी पुण्याचा मोठा दवाखाना सांगितला, त्याला तिथं लिफ्ट आहे एवढंच ठाऊक होतं. गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं औरंगाबादच्या एका डॉक्टरीणबाईचं नाव काढलं, ती म्हणे फक्त हातच करते. त्यावर बापे पोट धरून हसले. उद्या एकेका बोटाला निराळा डॉक्टर निघंल म्हणाले.

शेवटी तोडीच्या टोळीच्या मुकादमानं, आप्पारावानं, निकाल दिला. "कोयत्याचा डाक्तर सोडून कुठं हिंडता बे? शहादेव, पोळा झाला की बायकोचा हात तितंच करून घे. दिवाळीला ती फडात उभी ऱ्हाती का न्हाई बघ."

तोडीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्यातलं एक माणूस बसलं की उरलेल्या अर्ध्या कोयत्याला कुणी विचारत नाही. म्हणून शहादेव मुकादमाचं ऐकून बायकोला तालुक्याच्या गावी घेऊन गेला.

तोडीवाल्यांचे हात बसवणारा हा डॉक्टर नावाजलेला होता, आणि उगीच नव्हता. तुटलेली शीर धुंडाळण्यात तो वेळ घालवायचा नाही. ताठ बोट वाकवायचं, सांध्यात तार घालायची आणि तिथंच कायमचं पक्कं करून टाकायचं. त्याच्या टेबलावर उसाचं एक कांडं असायचं. ते त्यानं मंजुळाच्या हातात दिलं, ताठ बोटं आपल्या हातानं त्याच्याभोवती वाकवून दाखवली. "असा बसेल बघा. परत निसटायचा नाही." शहादेवचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला. एवढा शिकलेला माणूस, आणि आपल्या धंद्याची त्याला किती जाण! त्यानं तिथल्या तिथं पोळ्यानंतरची तारीख घेतली.

मंजुळा मात्र घरी आल्यावर म्हणाली, "सोयरीक करायची म्हनलं तर आपन आदी घर बघतो. मला त्यानं केलेला हात बघायचाय."

शहादेव हसला. पण बायकोनं उभ्या जन्मात एवढंच मागितलं होतं, तेव्हा तो तिला बीडजवळच्या पालीला घेऊन गेला. तिथं आप्पारावाच्या टोळीतली भिवराबाई राहायची. तिची तीन बोटं याच डॉक्टरानं बसवली होती. बिंदुसरेच्या कोरड्या धरणात तेव्हा गुरं चरत होती. भिवराबाईनं रांजणातलं पाणी जपून काढलं, दोघांना अर्धा अर्धा तांब्या दिला आणि हौसेनं डावा हात पुढं केला. मग त्या हातात मुसळ धरलं.

"वढ की, शहादेव. वढ!"

शहादेवनं जोर लावून ओढलं. मुसळ हललंसुद्धा नाही. तो मनापासून खूश झाला.

एवढ्यात पाळण्यातली नात रडायला लागली. भिवराबाईनं तिला कोपरात उचललं आणि डोळे पुसायला डावा हात तोंडाजवळ नेला, तसं पोरीनं मान फिरवून आणखी भोकाड पसरलं.

"माजा हात टोचतो तिला," भिवराबाई हसून म्हणाली. तिनं हात उलटा केला आणि पालथ्या मुठीनं पोरीचा गाल पुसला. "पर डाक्तर लई गुणाचा. चार वर्सांत एक सीझन चुकला न्हाई माजा."

"आन मावशी, सीझन नसतो तवा?" मंजुळानं विचारलं.

भिवराबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. "तवा काय? तवा बी असाच ऱ्हातो."

परतीच्या एसटीत शहादेव मुसळाचंच बोलत होता. गेवराई मागं पडल्यावर मंजुळा म्हणाली, "मला त्या औरंगाबादच्या बाईला दावा. मग काय ते ठरवू."

औरंगाबादच्या बाईंचा दवाखाना एका गल्लीत होता, आणि लिफ्ट नव्हती. बाईंनी एकेक बोट हातात घेऊन पाहिलं, टोचून पाहिलं. शस्त्रक्रिया सरकारी योजनेत बसते, पण दोनदा करावी लागेल, मध्ये तीन महिने जातील आणि रोज व्यायाम लागेल, असं त्यांनी सांगितलं.

"ऊस धरता यील ना?" शहादेवनं विचारलं.

"यंदा नाहीच. पुढंही मुठीत जोर किती येईल, याचा शब्द मी देत नाही. बोटं मिटावीत आणि उघडावीत, एवढ्यासाठी मी प्रयत्न करीन."

बाहेरच्या बाकड्यावर बसल्यावर शहादेवचा धीर सुटला. "आगं, मुकादमाला जबान दिलीय. आभाळात ढग न्हाई, छावनी कवा बंद व्हईल सांगता येत न्हाई. अर्दा कोयता घिऊन म्या कुनाच्या दारात जाऊ? चांगला डाक्तर सोडून ही बाई कावून?"

तो काही चुकीचं बोलत नव्हता. मंजुळालाही भीती वाटतच होती, त्याच्याइतकीच.

"त्या डाक्तरनं ऊस बघितला," ती म्हणाली. "मुकादमानं सीझन बघितला. मला काय पायजे, ते कुनीच इचारलं न्हाई. तुमी बी न्हाई."

पंधरा वर्षं दोघं एका कोयत्यात होती, आणि हे खरं होतं.

"मग सांग," शहादेव हळूच म्हणाला. "काय पायजे तुला?"

अशा प्रश्नाची मंजुळाला सवयच नव्हती. मांडीवरच्या डाव्या हाताकडं ती पाहत राहिली.

"उगडा हात पायजे," ती म्हणाली. "रिकामा असला तरी चालंल."

आप्पारावाला काय सांगायचं, ते शहादेवला सुचत नव्हतं. तरी तो उठला आणि बाईंकडं तारीख घ्यायला आत गेला.