शून्य तासांचा पुनर्जन्म

चेन्नईत तिरुवल्लिकेणीच्या त्या मंगल कार्यालयात रविवारी सकाळी लग्न नव्हतं, तरी दाराशी चपलांचा ढीग लग्नाला लाजवील असा होता. आत मॅन्शन म्हणवणाऱ्या लॉजांच्या खोल्यांत राहणारी आयटीतली पोरं होती, लग्नं टिपणारे फोटोग्राफर होते, नातवंडांच्या फोटोंसाठी आलेले आजोबा होते. प्रत्येकाच्या मांडीवर एकेक जुनी हार्ड डिस्क. कोणी रुमालात बांधलेली, कोणी केळीच्या पानात. एका बाईंनी तर चक्क मोगऱ्याचा गजरा गुंडाळून आणली होती.

व्यासपीठावर चक्रानंद स्वामी. कपाळभर विभूती, कानाला माइक, समोर पितळी कलश आणि मागे मोठ्या पडद्यावर संगणकाचं चित्र.

"देह म्हणजे काय? हार्डवेअर!" स्वामी तमिळमध्ये गरजले. "आत्मा म्हणजे काय? डेटा! डिस्क का मरते? तिचं कर्म भरतं म्हणून! मी कर्म फॉरमॅट करतो!"

टाळ्या पडल्या. एका फोटोग्राफरची डिस्क कलशात गेली. कलशाच्या तोंडातून एक वायर बाहेर लोंबत होती. ती 'प्राणनाडी', तिच्यातून प्राण ये-जा करायचा. डिस्क आजवर किती तास चालली ते पडद्यावर दिसत होतं: ३१,४०७. स्वामींनी डोळे मिटून चार मिनिटं मंत्र म्हटला. आकडा लुकलुकला आणि झाला शून्य.

"नवजात!" स्वामी ओरडले. "हिला आता मरण नाही!"

सभागृहानं हात जोडले. तिसऱ्या रांगेत सकवारबाईंनीही जोडले. त्यांच्या मांडीवर रेशमी खणात बालाजीराव होते. म्हणजे त्यांच्या नवऱ्याची डिस्क.

बालाजीराव मूळचे तंजावरचे. शेवटची दोन वर्षं त्यांना एकच नाद होता. रोज कॉफीनंतर माइकसमोर बसायचं आणि घरच्या जुन्या मराठीत बोलत राहायचं. कोणाची सोयरीक कशी मोडली, कोणत्या काकानं देवळाच्या हत्तीला कसं फसवलं, काहीही. पुढे ही भाषा बोलायला कोण राहणार, म्हणून. आठ महिन्यांपूर्वी ते गेले. दोन वर्षांचा तो आवाज या एकाच डिस्कवर होता, आणि स्वामींचा नियम कडक होता. आत्मा एखाद्या नवजात डिस्कमध्ये हलवायचा, जुना देह आश्रमाला अर्पण करायचा आणि दुसरी प्रत कुठेही ठेवायची नाही. दोन प्रती झाल्या की आत्मा दुभंगतो!

सकवारबाईंच्या शेजारी बसलेल्या मुलीचं, जयंतीचं, पोट डिस्कच्या मरणावरच चालत होतं. शहराबाहेर ओरगडमच्या वाटेवर एक कंपनी होती. कचेऱ्यांतून निघालेल्या जुन्या डिस्क तिथं येत. जयंती त्या भट्टीसारख्या तापवलेल्या कपाटात रचायची आणि लिही, वाच, पूस, पुन्हा लिही असं मरेस्तोवर पळवायची. कोणती कितव्या तासाला गेली याची नोंद ठेवायची. सहा वर्षांत चारेक हजार तिच्या हातून गेल्या होत्या. एकही उठून बसली नव्हती.

"अम्मा, हे सगळं थोतांड आहे."

"कसाला गे वाद? तू आठ महिने केलं नाहीस, हे चार मिनिटांत करतात."

हे मात्र खरं होतं. जगाच्या डिस्क तपासणाऱ्या बाईनं बापाच्या आवाजाची एक नक्कल काढली नव्हती. नक्कल काढायला वेळ लागत नाही. पण ती उतरली की नाही हे ऐकून पाहावं लागतं, आणि ऐकायचं म्हटलं की तिला दुसरं काहीतरी काम आठवायचं.

"बरं," ती म्हणाली. "आधी माझी डिस्क देते. ती जगली तर अप्पांची दे."

"सरि, तसं कर," सकवारबाई म्हणाल्या.

जयंतीनं कंपनीच्या प्रयोगशाळेतून दोन डिस्क आणल्या होत्या, दोन्ही अगदी घरघर लागलेल्या. सोबत पुष्कर होता, तिचा सहकारी, मूळचा सांगलीचा. तो लॅपटॉप पोटाशी धरून असा बसला होता की एखाद्याला वाटावं, याचंही काहीतरी वारलंय.

पहिली डिस्क कलशात गेली. पडद्यावर आकडा आला, ५८,२१२. सभागृह हळहळलं. मंत्र झाला, आणि शून्य!

जयंतीनं वाकून नमस्कार केला आणि सरळ माइक मागितला. "स्वामी, आमच्या घराण्यातही असा एक मंत्र आहे. म्हणून बघू?"

लोक हसले. नाही म्हणावं तर भित्रे ठरणार, म्हणून स्वामी उदार झाले. "म्हण, मुली! पण कलश पवित्र आहे, त्याला हात लावायचा नाही."

"आमचं डब्यात भागतं."

तिनं पिशवीतून जेवणाचा स्टीलचा डबा काढला, दुसरी डिस्क त्यात ठेवली आणि तिची वायर पुष्करच्या लॅपटॉपला जोडली. पुष्करनं लॅपटॉप मोठ्या पडद्याला जोडला आणि तिच्या तासांचा आकडा आला, ४४,९३०. मग डोळे मिटून तिनं खर्जात सूर लावला:

"बे औटे सात! तीन औटे साडेदहा! चार औटे चौदा! पाच औटे साडेसतरा..."

काय तो नाद! पहिली रांग डोलू लागली. एका आजोबांनी डोळे पुसले. खुद्द स्वामी 'उच्चार शुद्ध आहे' अशा थाटात मान हलवत होते. एकट्या सकवारबाई पदर तोंडाला लावून बसल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं.

आकडा शून्य झाला.

"अम्मा! तायी!" म्हणत आजोबा पायाच पडायला धावले. जयंतीनं त्यांना वरच्या वर धरलं.

"तात्ता, उठा. हा मंत्र नाही. साडेतीनाचा पाढा आहे. आमच्या घरी हा आला नाही की पोरांना फटके बसत."

पुष्करनं लॅपटॉप लोकांकडे वळवला. "हा एक छोटा प्रोग्रॅम आहे. जुनी स्कूटर विकताना लोक किलोमीटरचा काटा मागे फिरवतात ना? तेच हे. मीटर शून्य होतं, इंजिन म्हातारंच राहतं. याला चार मिनिटं लागतात, म्हणून मंत्रही चार मिनिटांचा."

"पण स्वामींनी कुठं लॅपटॉपला हात लावला?" कोणीतरी विचारलं.

जयंतीनं वाकून कलशातून पडद्यामागे गेलेली ती प्राणनाडी ओढली. पडदा हलला, वर सरकला. मागे एक पोट सुटलेला शिष्य मांडीवर लॅपटॉप आणि हातात अर्धा मेदुवडा घेऊन बसला होता. तो चटणीच्या बोटांनीच नमस्कार करायला लागला.

"शून्य दिसलं ना सर्वांना?" स्वामींचा आवाज चढला. "तुमच्या डोळ्यांनी दिसलं ना?"

"दिसलं," जयंती म्हणाली. "पण डिस्क आपली दुखणी आणखी एका ठिकाणी लिहून ठेवते. तुमचा प्रोग्रॅम तिथवर पोचत नाही." तिनं स्वामींची नवजात डिस्क पुष्करच्या लॅपटॉपला जोडली. "हे वाचा. 'तास ५८,१९८, वाचताना चूक.' बाळ आत्ताच जन्मलंय, आणि दाढा किडलेल्या! आता तिला जरा पळवू या."

पुष्करनं चाचणी लावली. लिही, वाच, पूस. कोणी जागचं हललं नाही. अकराव्या मिनिटाला टक्, टक्, टक् असा आवाज आला आणि चिरंजीव डिस्क शेकडो लोकांसमोर गप्प झाली.

"भक्ताची श्रद्धा कमी पडली," स्वामी म्हणाले.

गजरेवाल्या बाई उभ्या राहिल्या. "ते राहू दे हो, स्वामी. गेल्या रविवारी माझ्या लेकीचं लग्न कुठल्या डिस्कमध्ये हलवलंत? आणि आमची चांगली डिस्क कोणाला दिलीत?"

मग जे व्हायचं ते झालं. जो तो आपल्या डिस्ककडे धावला. शिष्य वड्यासकट पसार झाला. फोटोग्राफरांनी मात्र स्वामींना धरून, लोकांनी अर्पण केलेले देह एकेक करून परत द्यायला बसवलं.

गोंगाटात जयंतीनं माइक पुन्हा हातात घेतला. तिला भाषण येत नव्हतं. "फिरणारी वस्तू झिजते," ती म्हणाली. "मी रोज बघते, सगळ्या डिस्क मरतात. पण सगळ्या एकाच दिवशी मरत नाहीत. म्हणून तीन प्रती करा. एक घरी ठेवा, एक भावाकडे, एक आणखी कुठे. एक गेली की उरलेल्यांवरून नवी काढा. आत्मा दुभंगत नाही. आणि जो कोणी सांगेल की दुसरी प्रत ठेवू नका, कोणाला विचारू नका, त्याची वायर कुठं जाते ते आधी बघा."

घरी आल्यावर सकवारबाईंनी खण सोडला आणि डिस्क लेकीपुढे ठेवली. दुपारपर्यंत तीन नकला तयार झाल्या. आता तपासणं आलं. जयंतीनं बटण दाबलं.

आधी खोकला. मग, "हे चालू हाय का गे? हं. तर आमच्या लग्नाची कथा. मी बघायला गेलो, तर ही सकवार मला दारातच पाहून लाजली आणि कॉफीचा तवरा-पेला हातातून सांडला..."

जयंतीला समोरचं नीट दिसेनासं झालं. शेजारी सकवारबाई मात्र ताठ बसल्या. आठवडाभर चक्रानंदांचा शब्द न् शब्द खरा मानणाऱ्या त्या बाई नवऱ्याचं हे एक वाक्य मानायला तयार नव्हत्या.

"खोटं! त्यांच्याच हातातून सांडला. माझ्या बहिणीनं पाहिलं, विचार तिला." त्या खुर्ची पुढे ओढून बसल्या. "पुन्हा लाव. नीट ऐकू दे, आणखी काय काय लोणकढी थाप मारून ठेवलीय ती."